लॉग-मायनस-लॉग ग्राफमधल्या रेषा "समांतर" आहेत हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं तरी कसं?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. सर्जरीचा रेसिडेंट आहे, थिसिस जमा करायला सहा आठवडे राहिलेत. विषय असा, की तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले दीडशेच्या आसपास पेशंट, त्यातल्या निम्म्यांच्या मानेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेला, निम्म्यांच्या नाही, आणि दोन्ही गट ऑपरेशननंतर किती काळ जगले ते बघायचं. कॉक्स मॉडेल लावलं, हॅझर्ड रेशो (एका गटाचा मृत्यूचा दर दुसऱ्याच्या किती पट ते) आला, मी खूश. मग सरांनी विचारलं, प्रपोर्शनल हॅझर्डचं गृहीतक, म्हणजे ही पट सगळा काळ तीच राहते हे, तपासलंस का? तपासलं नव्हतं. आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमनी लॉग-मायनस-लॉग ग्राफ काढून दिला आणि म्हणाल्या रेषा समांतर असल्या की झालं.

आता ग्राफ असा आहे की अगदी डावीकडे दोन्ही रेषा एकमेकींना दोनदा कापतात, मग मधे बऱ्यापैकी जोडीने चालतात, आणि शेवटी उजवीकडे जवळजवळ चिकटतात. गृहीतक तपासणाऱ्या टेस्टची पी व्हॅल्यू (गृहीतक खरं असताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०८. डिपार्टमेंटमधे तिघांना दाखवला तर एक म्हणाला समांतर आहेत, एक म्हणाला अजिबात नाहीत, आणि तिसऱ्याने ग्राफ उलटा धरला होता. म्हणजे समांतर ते किती समांतर? आणि वय घेतलंय व्हेरिएबल म्हणून, त्याचे तर गटच नाहीत, त्याचं काय बघायचं?

गवती_चहा
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझंही हेच अडलंय.

आकडेमोड
रात्रपाळी, आधी ग्राफ कुठून येतो ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे अर्ध्या शंका आपोआप सुटतील.

डेव्हिड कॉक्सने १९७२ साली जे मॉडेल मांडलं त्याचं म्हणणं एवढंच, की कुठल्याही क्षणी गट दोनचा हॅझर्ड हा गट एकच्या ठराविक पट असतो, आणि ती पट वेळेनुसार बदलत नाही. हे खरं असेल तर जगण्याच्या संभाव्यतेचं नातं घातांकाचं होतं. पट जर २ असेल, तर पहिल्या गटात ८० टक्के जिवंत असताना दुसऱ्यात ६४ टक्के, पहिल्यात ५० असताना दुसऱ्यात २५, पहिल्यात २० उरले की दुसऱ्यात ४. म्हणजे कॅप्लन-मायर कर्व्हमधलं (किती टक्के अजून जिवंत ते वेळेनुसार दाखवणाऱ्या रेषांमधलं) अंतर आधी १६, मग २५, मग परत १६. गृहीतक शंभर टक्के पाळलं जातंय आणि तरी कर्व्ह आधी फाकतात आणि नंतर जवळ येतात! म्हणून साध्या कर्व्हकडे बघून "अंतर कमी झालं, गृहीतक मोडलं" असं म्हणता येत नाही. एका आकड्याचा लॉग घ्यायचा, चिन्ह बदलायचं, परत लॉग घ्यायचा, की ते घातांकाचं नातं साध्या बेरजेचं होतं आणि दोन रेषांमधलं उभं अंतर सगळीकडे सारखं येतं. पट २ असेल तर ०.६९.

"उभं" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. डोळ्याला रेषांमधलं सर्वात जवळचं, तिरकं अंतर दिसतं, रेषा जिथे एकदम खडी चढते तिथे ते कमी भासतं आणि आपण फसतो. पट्टी उभी धरून मोजा.

दुसरं, आडव्या अक्षावर दिवस घ्या नाहीतर दिवसांचा लॉग घ्या, उभं अंतर तेच राहतं. पुष्कळ जणांना वाटतं रेषा सरळ यायला पाहिजेत. तसं काही नाही. लॉग वेळेवर रेषा सरळ आल्या तर ते वायबुल वितरणाचं लक्षण, प्रपोर्शनल हॅझर्डशी त्याचा संबंध नाही. वाकड्या असोत, जोडीने वाकड्या असल्या की झालं.

डावीकडच्या कापाकापीबद्दल संध्याकाळी लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

तिरफळ
आमच्यासारख्या सामान्य वाचकांसाठी कुणी सांगेल का हॅझर्ड म्हणजे नेमकं काय, की मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहू? लिहितेच, चुकलं तर सांगा.

आमच्याकडे रत्नागिरीला दारात दोन आंब्याची झाडं आहेत, एक हापूसचं कलम आणि एक रायवळ. हॅझर्ड म्हणजे "आज सकाळी झाडावर जेवढे आंबे शिल्लक होते त्यातले आज किती टपकले" असा दर. आधीच पडलेले मोजायचे नाहीत, ते गेले. वारा सुटला की दोन्ही झाडांचा दर वाढतो, वारा पडला की कमी होतो. कॉक्स म्हणतो, दर रोज कितीही खालीवर होऊ दे, रायवळचा दर कलमाच्या, समजा, दीडपट असेल तर तो वादळातही दीडपट आणि शांत दिवशीही दीडपट. दर स्थिर असायची गरज नाही, दोघांचं प्रमाण स्थिर पाहिजे.

आणि जे आंबे आम्ही मधेच उतरवून पेटीत भरले ते सेन्सॉर झाले. कधी पडले असते ते माहीत नाही, पण उतरवेपर्यंत पडले नव्हते एवढं पक्कं.

आकडेमोड
तिरफळ ताई, शब्दन् शब्द बरोबर. फक्त एक भर घालतो, उतरवताना जर तुम्ही पडायच्या बेतातलेच आंबे निवडून उतरवत असाल तर सगळा हिशोब बिघडतो. पेशंटचंही तसंच, जे बरे वाटत नाही म्हणून फॉलोअपला यायचे थांबले त्यांना नुसतं सेन्सॉर धरणं धोक्याचं.

बे_एके_बे
थोडं वेगळं मत. एवढा ग्राफचा खटाटोप कशाला? टेस्ट आहे ना. पी ०.०८ म्हणजे ०.०५ च्या वर, गृहीतक मोडलेलं नाही, एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. ग्राफ बघून तिघांनी तीन मतं दिली हे रात्रपाळींनीच लिहिलंय, मग अशा पुराव्याला अर्थ काय? मी चार पेपर असेच पाठवलेत, एकाही रिव्ह्यूअरने ग्राफ मागितला नाही.

शेवग्याची_शेंग
रिव्ह्यूअरने मागितला नाही म्हणून बघायचा नाही हे काही पटलं नाही बुवा. आपण पेपर रिव्ह्यूअरसाठी लिहितो का?

निळी_शाई
रात्रपाळी, एक तातडीचा प्रश्न. ग्राफ एसपीएसएस सॉफ्टवेअरमधे काढलाय का? असेल तर गाठींचं व्हेरिएबल स्ट्रॅटाच्या (वेगवेगळ्या गटांच्या) खान्यात टाकलं होतं की कोव्हेरिएट (मॉडेलमधला एक घटक) म्हणून ठेवून "सेपरेट लाइन्स" मागितल्या होत्या? दुसरं केलं असेल तर सॉफ्टवेअर मॉडेलमधूनच रेषा काढतं आणि त्या कायम समांतर येतात, कारण मॉडेलने ते आधीच धरून ठेवलेलं असतं! दरवर्षी माझ्याकडे एक तरी विद्यार्थी असा "अगदी परफेक्ट समांतर" ग्राफ घेऊन येतो आणि मला त्याचा आनंद मोडावा लागतो. तपासणी करायची तर रेषा डेटातून आलेल्या पाहिजेत.

रात्रपाळी
@निळी_शाई आत्ताच मॅडमना फोन करून विचारलं, स्ट्रॅटा म्हणूनच टाकलं होतं. आणि रेषा एकमेकींना कापतायत म्हणजे मॉडेलमधून आलेल्या नाहीतच ना. हुश्श.

निळी_शाई
बरोबर, कापतायत म्हणजे खऱ्या आहेत.

आकडेमोड
आलो. आता डावीकडचं टोक.

धरा की तुमच्या एका गटात ७५ पेशंट आहेत. पहिला मृत्यू झाला की रेषा उणे ४.३ वर असते, दुसरा झाला की उणे ३.६ वर. म्हणजे एका माणसाच्या जाण्याने रेषा ०.७ ने उडी मारते. वर काय म्हटलं होतं आठवा, हॅझर्ड दुप्पट असला तर रेषांमधलं अंतर ०.६९. म्हणजे डाव्या टोकाला एक मृत्यू चार दिवस इकडे की तिकडे झाला एवढ्यावर "दुप्पट"एवढी जागा हलते. तेच विसाव्या मृत्यूपासून एकविसाव्याला गेलात तर रेषा जेमतेम ०.०६ ने सरकते. त्यात आडवा अक्ष लॉगचा असेल तर पहिला महिना अर्ध्या पानावर ताणला जातो आणि पुढची तीन वर्षं उरलेल्या अर्ध्यात कोंबली जातात. म्हणजे ज्या भागात माहिती सर्वात कमी तोच भाग डोळ्यात सर्वात जास्त भरतो. तुमची डावीकडची दोनदा कापाकापी मी तरी सोडून देईन.

उजवं टोक मात्र वेगळ्या कारणाने बेभरवशाचं. तिथे एकेका मृत्यूची उडी परत मोठी होते, कारण शिल्लक राहिलेले पेशंटच मूठभर. ग्राफखाली त्या त्या वेळी किती जण शिल्लक होते त्याची ओळ छापा. रेषा चिकटल्या तिथे प्रत्येक गटात पंचवीस-तीस जण असतील तर ती बातमी आहे, चार-पाच असतील तर नाही.

@बे_एके_बे, तुमच्या मुद्द्याला उत्तर देतो. टेस्ट वाईट नाही, मीही करतो. पण ती झोपते कधी आणि ओरडते कधी ते बघा. तिची ताकद मृत्यूंच्या संख्येवर चालते, पेशंटच्या नाही. मृत्यू चाळीस-पन्नास असतील तर परिणाम बऱ्यापैकी बदलत असूनही पी ०.०८ येऊ शकतं. उलट वीस हजार लोकांच्या डेटात इतका किरकोळ बदल पकडते की ज्याने कुणाच्याही उपचारात फरक पडणार नाही. शिवाय नेहमीची टेस्ट सरळ रेषेतला कल शोधते, परिणाम आधी वाढून नंतर कमी झाला तर दोन्ही बाजू एकमेकींना खातात आणि टेस्टला काहीच दिसत नाही. वेळ दिवसांत घेतली की लॉगमधे घेतली यावर पी व्हॅल्यूसुद्धा बदलते. एकच डेटा आणि तीन पी व्हॅल्यू, मग तिघांची तीन मतं तिथेही झालीच की!

मुळामुठा
मेडिकलमधला नाही, पुण्यात एका सबस्क्रिप्शन कंपनीत डेटाचं काम करतो, आमच्याकडे ग्राहक "मरतात" म्हणजे प्लॅन बंद करतात. वार्षिक प्लॅनवाले बाराव्या महिन्यापर्यंत जवळपास कुणीच सोडत नाहीत आणि मग एकदम धाडकन. मासिकवाले रोज थोडे थोडे. पहिल्यांदा मी दोन्हीचा एकच हॅझर्ड रेशो काढला आणि मॅनेजरला सांगितला. तो आकडा वर्षातल्या एकाही दिवशी खरा नव्हता. कुणी मला ग्राफ काढ म्हणालं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, कारण लॉग-लॉग ग्राफमधे वार्षिकवाल्यांची रेषा बाराव्या महिन्याला भिंतीसारखी उभी होती.

पायथॉनवाल्यांसाठी, लाइफलाइन्स लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन आहे, ते टेस्टही देतं आणि ग्राफही. शिकायला रॉसीचा डेटा सोबत येतो, १९७० च्या दशकात अमेरिकेत मेरीलँडच्या तुरुंगांतून सुटलेले ४३२ कैदी, वर्षभर पाठपुरावा, परत अटक होईपर्यंत किती आठवडे गेले. त्यात वय आणि कामाचा अनुभव ही दोन्ही व्हेरिएबल्स तपासणीत अडकतात. हात साफ करायला छान आहे.

तिरफळ
अवांतर: "हॅझर्ड"ला मराठीत काय म्हणायचं? धोका म्हटलं की फसवणूक वाटते, जोखीम म्हटलं की विमा एजंट आठवतो.

निळी_शाई
मी वर्गात "जोखीमदर" म्हणते. दर शब्द जोडला की ते वेगाबद्दल आहे हे पोरांना लगेच कळतं. "सर्व्हायव्हल"ला अजून मनाजोगता शब्द सापडलेला नाही. "उत्तरजीविता" फळ्यावर लिहिलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, मॅडम हे नाटकाचं नाव आहे का.

गवती_चहा
आणि सेन्सॉर म्हटलं की माझ्या आईला वाटतं मी पेशंटबद्दलचं काहीतरी कापून टाकते. "अर्धवट दिसलेले" हा माझा शब्द.

मुळामुठा
"अर्धवट दिसलेले" फार सुंदर आहे. उद्यापासून वापरणार.

निळी_शाई
मूळ विषयाकडे येऊ, कारण रात्रपाळींचा वयाचा प्रश्न तसाच राहिलाय. वयाचे गट पाडून लॉग-लॉग ग्राफ काढता येतो पण कुठे कापायचं यावर चित्र बदलतं, त्यामुळे मला ते आवडत नाही. तिथे शोनफेल्ड रेसिड्युअल वापरा. शोनफेल्डने ते १९८२ साली दिले आणि ग्रांब्श आणि थर्नो यांनी १९९४ साली त्यांना असं वजन दिलं की ग्राफमधून थेट "परिणाम वेळेनुसार कसा बदलतो" ते वाचता यावं. आर या सॉफ्टवेअरमधे कॉक्स-झेडपीएच कमांड आहे, ती चालवून प्लॉट करायचं.

कल्पना अगदी साधी आहे. ज्या दिवशी एखादा पेशंट गेला त्या दिवशी जिवंत असलेल्या सगळ्यांची मॉडेलच्या हिशोबाने भारित सरासरी काय येते, म्हणजे मॉडेलच्या मते जाणाऱ्याचं वय साधारण किती असायला हवं होतं, आणि गेला त्याचं खरं वय किती. दोन्हींतला फरक म्हणजे त्या दिवसाचा रेसिड्युअल. सुरुवातीला जाणारे अपेक्षेपेक्षा म्हातारे आणि नंतर जाणारे अपेक्षेपेक्षा तरुण असं दिसायला लागलं तर वयाचा परिणाम ओसरतोय.

वाचताना तीन जागी पाय घसरतो. एक, व्हेरिएबल हो-नाही प्रकारचं असलं की ठिपके दोन पट्ट्यांत पडतात आणि नवा माणूस घाबरतो की हे काय विचित्र. ते तसंच असतं, ठिपके सोडा आणि मधून जाणारी गुळगुळीत रेषा आणि तिच्याभोवतीचा विश्वासपट्टा (कॉन्फिडन्स बँड, म्हणजे रेषा कुठवर हलू शकते ती मर्यादा) बघा. दोन, रेषा शून्याच्या वर आहे की खाली यावरून गृहीतक ठरत नाही! आडवी आहे की नाही एवढंच बघायचं. शून्यापासून लांब पण सपाट रेषा म्हणजे दणकट आणि स्थिर परिणाम, उत्तमच. मी तर मॉडेलने दिलेल्या गुणांकाच्या उंचीवर एक आडवी पट्टी मुद्दाम काढते आणि बघते की ती पट्टी विश्वासपट्ट्यात सगळीकडे बसते का. तीन, कमांड आपण काही सांगितलं नाही तर आडवा अक्ष कॅप्लन-मायरच्या मापाने ताणते, त्यामुळे अक्षावरच्या दिवसांमधलं अंतर सारखं नसतं. वाचताना अक्षावरचे आकडे वाचा, नुसती लांबी नको.

सरावासाठी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ट्रायलचा डेटा घ्या, १३७ पुरुष, आरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमधेच मिळतो. त्यात कार्नोफ्स्की स्कोअर आहे, म्हणजे पेशंट स्वतःचं किती करू शकतो त्याचा ० ते १०० चा अंदाज. त्याचा ग्राफ बघितला की डोळे उघडतात. सुरुवातीला रेषा शून्याच्या चांगली खाली, म्हणजे स्कोअर जास्त तर मृत्यूचा दर कमी, आणि मग ती चढत चढत काही महिन्यांत शून्यापाशी येते. कारणही समजण्यासारखं आहे, स्कोअर पहिल्या दिवशी घेतलेला, सहा महिन्यांनी तो शिळा. मॉडेलचा एकच आकडा सुरुवातीचा परिणाम कमी दाखवतो आणि नंतरचा जास्त.

गवती_चहा
निळी_शाई मॅडम, हे वर्गात कुणी असं सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते माझे. दंडवत.

शेवग्याची_शेंग
ऑन्कॉलॉजीत काम करतो म्हणून एक उदाहरण देतो, जे मी स्वतः कधी विसरणार नाही. २००९ साली आयपास नावाच्या ट्रायलचे निकाल आले. पूर्व आशियातले १,२१७ फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट, बहुतेक कधीच सिगरेट न ओढलेले, निम्म्यांना गेफिटिनिबची गोळी आणि निम्म्यांना केमो. आजार न वाढता किती काळ गेला ते मोजलं. हॅझर्ड रेशो ०.७४, गोळी जिंकली. पण मीडियन (निम्म्यांचा आजार वाढेपर्यंतचा काळ) बघायला जावं तर ५.७ महिने विरुद्ध ५.८ महिने, जवळजवळ सारखा! आणि एका वर्षाला गोळीवाल्यांमधे २४.९ टक्के अजून आजार न वाढलेले, केमोवाल्यांमधे फक्त ६.७. कर्व्ह काढले तर पहिल्या काही महिन्यांत केमो वर, मग दोन्ही एकमेकांना कापतात आणि पुढे गोळी वर.

आता ०.७४ हा आकडा कुठल्या पेशंटचा? कुणाचाच नाही. ४३७ जणांच्या ट्यूमरची ईजीएफआर म्युटेशनसाठी (ईजीएफआर या जनुकातल्या बदलासाठी) तपासणी करता आली होती, त्यांचे दोन भाग केले तर म्युटेशन असलेल्यांत हॅझर्ड रेशो ०.४८ आणि नसलेल्यांत २.८५. म्हणजे एकाला औषध आणि दुसऱ्याला नुकसान, आणि दोघांची सरासरी काढून आपण "२६ टक्के फायदा" म्हणत होतो. कर्व्ह कापले गेले कारण म्युटेशन नसलेल्यांचा आजार गोळीवर लगेच वाढला आणि मागे उरले ते म्युटेशनवाले. आज फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या (कॅन्सरचा एक प्रकार) पेशंटची ईजीएफआर तपासणी झाल्याशिवाय आम्ही ही गोळी लिहीत नाही.

म्हणून बे_एके_बे, तुम्हाला मनापासून सांगतो, कापलेल्या रेषा दिसल्या की "गृहीतक मोडलं, आता कुठली कमांड लावू" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, या गर्दीत दोन प्रकारची माणसं मिसळलीत का.

बे_एके_बे
आयपासचं उदाहरण जबरदस्त आहे, कर्व्ह कापले होते हे माहीत होतं पण या बाजूने कधी विचार केला नव्हता. टेस्टची पी व्हॅल्यू पुरेशी आहे हे मी मागे घेतो.

पण अर्धाच मागे घेतो. डोळ्यांचा प्रश्न उरतोच. माणसाला ढगातही हत्ती दिसतो. आपल्याला रेषा वाकडी दिसते, ती योगायोगाने किती वाकडी होऊ शकते हे डोळ्याला माहीत नसतं. मग ग्राफवर भरवसा ठेवायचा कसा?

आकडेमोड
या धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न आहे हा, खरंच.

उपाय असा, डोळ्याला सवय लावायची. तुमच्याच मॉडेलमधून, गृहीतक तंतोतंत पाळणारा खोटा डेटा तयार करा, तेवढेच पेशंट, तसंच सेन्सॉरिंग. असे १९ डेटा, १९ ग्राफ. त्यात आपला खरा ग्राफ मिसळा आणि ज्याने डेटा पाहिला नाही अशा मित्राला सांगा, यातला वेगळा कुठला ते ओळख. त्याने बरोबर ओळखला तर काहीतरी आहे. नाही ओळखला तर तुमचा वाकडेपणा योगायोगाच्या मर्यादेत बसतो. लिन, वेई आणि यिंग यांनी १९९३ साली याच धर्तीचं काम पद्धतशीर केलं, रेसिड्युअलच्या बेरजेचा मार्ग काढायचा आणि त्यामागे गृहीतक खरं असताना येणारे असंख्य मार्ग फिकट रंगात काढायचे, आपली रेषा त्या झुबक्याच्या बाहेर जाते का बघायचं. सॅस सॉफ्टवेअरमधे PHREG कमांडच्या ASSESS ओळीने हे मिळतं. आकडाही मिळतो आणि चित्रही, तुम्हाला आवडेल.

मुळामुठा
१९ खोटे आणि १ खरा हे आज दुपारी ऑफिसात केलं, चहाच्या वेळी सहा जणांना दाखवलं. सहाही जणांनी वार्षिक प्लॅनवाला ग्राफ पहिल्या नजरेत ओळखला. मग वयाचा ग्राफ असाच मिसळून दाखवला, एकालाही ओळखता आला नाही, आणि तोच वयाचा ग्राफ मी गेला महिनाभर "जरा वाकडा वाटतोय" म्हणून धरून बसलो होतो.

निळी_शाई
एक खोल पाणी आहे ते सांगायला हवं, तिरफळ ताईंच्या आंब्यांवरच सांगते.

समजा कलमाच्या सगळ्या आंब्यांचे देठ सारखेच मजबूत आहेत, पण रायवळवर काही देठ फार कच्चे आणि काही पक्के. पहिल्या वाऱ्यात रायवळचे कच्च्या देठाचे सगळे पडतात, त्याचा दर तिप्पट दिसतो. महिन्याभराने रायवळवर फक्त पक्के उरलेत, आता दर कलमाएवढाच. प्रमाण तीनावरून एकावर आलं. झाडाचं वय, माती, पाणी काहीही बदललेलं नाही, कुठल्याही एका आंब्याच्या देठात बदल झालेला नाही, नुसते उरलेले वेगळे आहेत.

अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोन्सची मोठी ट्रायल झाली, १६,६०८ बायका, २००२ साली ती मुदतीआधी थांबवली. हृदयविकारासाठी एकूण हॅझर्ड रेशो १.२४, पण पहिल्या वर्षाचा १.८१ आणि सहाव्या वर्षापासून पुढचा ०.७०. म्हणजे सहा वर्षांनी हार्मोन संरक्षण द्यायला लागतात का? तसं म्हणता येत नाही, कारण ज्यांना त्रास होण्यासारखा होता त्यांना तो आधीच होऊन गेला. मिगेल हर्नान यांनी २०१० साली हेच उदाहरण घेऊन हा मुद्दा मांडला. त्यामुळे शोनफेल्डची रेषा खाली आली की "परिणाम ओसरला" असं लिहिताना हात थोडा आखडता ठेवा. ओसरला असेल, किंवा नाजूक होते ते गेले असतील, ग्राफ दोन्हींत फरक करत नाही.

तिरफळ
माझ्या आंब्यांचं इतकं सोनं होईल असं वाटलं नव्हतं. देठाचं अगदी खरं आहे, पहिल्या वाऱ्यानंतर रायवळ खरोखरच थांबतं.

रात्रपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार, चार रात्री जागून सगळं परत केलं, आता काय निघालं ते सांगतो.

वयाची रेषा सपाट, काही प्रश्न नाही. गाठींची रेषा पहिलं साधारण दीड वर्ष वर, आणि मग हळूहळू खाली. रेषा चिकटतात तिथे दोन्ही गटांत मिळून वीसही जण नाहीत, म्हणजे उजवीकडच्या टोकावर मी फारसं काही बोलू शकत नाही. १९ ग्राफांचा प्रयोग केला, होस्टेलवर आठ जणांना दाखवला, तिघांनी ओळखला. नुसत्या अंदाजाने वीसात एकच ओळखला जातो, त्या मानाने तीन बरेच झाले. सरांशी बोललो, ते म्हणाले हे क्लिनिकली पटतं, गाठींपर्यंत पोचलेला रोग परत यायचा तर बहुतेकदा लवकरच येतो. म्हणून थिसिसमधे आता दीड वर्षापर्यंतचा आणि त्यानंतरचा असे दोन वेगळे हॅझर्ड रेशो देतोय. सोबत तीन वर्षांपर्यंतचा सरासरी जगण्याचा काळ दोन्ही गटांचा महिन्यांत, म्हणजे पेशंटच्या नातेवाइकाला समजेल असा एक तरी आकडा असेल.

आकडेमोड
फार छान. एकच गोष्ट, दीड वर्ष हा काप तुम्ही ग्राफ बघून ठरवलात हे स्पष्ट लिहा. आधी ठरवलेला काप आणि बघून ठरवलेला काप यात फरक आहे, आणि दुसऱ्या भागाचा विश्वासपट्टा रुंद येईल तो लपवू नका. एक वर्ष आणि दोन वर्षं असे काप घेऊनही करून बघा, निष्कर्ष तोच राहतो का ते परिशिष्टात टाका.

शेवग्याची_शेंग
आणि व्हायवाला ग्राफ मोठा छापून न्या, खाली शिल्लक पेशंटची ओळ असलेला. बाहेरचे परीक्षक आधी तीच ओळ शोधतात, निदान मी तरी शोधतो.

रात्रपाळी
काप बदलून बघतो आज रात्रीच.

अजून एक राहिलं. डाव्या टोकाची कापाकापी सोडून द्यायची असं ठरलं होतं, पण मनातून जाईना म्हणून रेकॉर्ड सेक्शनमधे जाऊन पहिल्या महिन्यातल्या तिन्ही मृत्यूंच्या फाइल काढल्या. तिघांपैकी दोघे कॅन्सरने गेलेलेच नाहीत. एकाला ऑपरेशननंतर नवव्या दिवशी हार्ट अटॅक, दुसऱ्याला न्यूमोनिया. गाठींशी त्यांचा संबंधच नाही. मला मृत्यू म्हणजे मृत्यू एवढंच एक्सेलमधे भरायला सांगितलं होतं. आता सगळ्याच मृत्यूंची कारणं परत बघायला हवीत आणि कॅन्सरच्या मृत्यूंचं वेगळं गणित करायचं तर बाकीच्यांना सेन्सॉर धरायचं की दुसरं काही, हे मला कळत नाहीये.

निळी_शाई
नुसतं सेन्सॉर नका धरू, ते कॉम्पिटिंग रिस्कचं प्रकरण आहे, म्हणजे दुसऱ्या कारणाने मृत्यू आला की कॅन्सरने जायची शक्यताच संपते. आधी फाइल पूर्ण बघा, कारणांचा एक कॉलम वाढवा, आणि नवा धागा काढा. मी येते तिकडे.